शेंदराची रेघ आणि विनिताची स्कूटर

विनिता गेल्याचं कळलं त्या दिवशी विठ्ठलवाडीच्या सोसायटीत जेवढी माणसं जमली, त्याच्या दुप्पट चार महिन्यांनी तिच्या स्कूटरभोवती जमली. बातमीच तशी होती. विनिताच्या फोनवर स्कूटरचं चलान आलं होतं. ठाण्याचा माजिवडा नाका, ताशी ब्याण्णव किलोमीटर!

"वहिनी जिवंतपणी तीसच्या वर गेल्या नाहीत," शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या. "आणि आता बघा!"

स्कूटर तर जागेवरच, चाकांत हवा नाही. महिपतराव बायकोचा फोन रोज चार्ज करून ठेवत, म्हणून मेसेज दिसला. मग दुसरा आला, तिसरा आला. तिसऱ्याला त्यांच्याही मनात आलं, असेल तीच. कुठेतरी आहे, एवढं तरी कळलं.

कमळाबाईंनी गतिनाथ महाराजांना बोलावलं. महाराज पांढऱ्या जीपमधून उतरले, स्कूटरला हात लावला आणि झटका बसल्यासारखा मागे घेतला.

"बाईंचा जीव ॲक्सिलरेटरमध्ये अडकलाय! गाडी आश्रमाला दान करा. आणि टाकी फुल करून द्या, प्रवास लांबचा आहे."

"पण महाराज, रस्त्यावरचा तो वेग पकडणारा कॅमेरा?" महिपतरावांनी विचारलं.

"कॅमेरा माझा दास! माझ्या नंबरप्लेटवर मंत्राचा शेंदूर आहे. माजिवड्यावरून, घोडबंदर रोडने शंभरने येतो. तीन महिन्यांत एक चलान नाही!"

टाळ्या पडल्या. कमळाबाईंच्या मुलाच्या टेम्पोलाही तोच शेंदूर होता.

महिपतरावांनी डिकीतून आरसी काढली, किल्ली पुढे केली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या रुचिता टीचर पुढे आल्या.

"काका, थांबा. चलानचा फोटो बघितलात का?"

"फोटो असतो?"

"असतो ना! कॅमेरा वेग मोजतो, गाडीचा फोटो काढतो. प्लेटवर जो नंबर दिसला, त्याच्या मालकाला मेसेज. भूत कुठे आलं मधे?"

आरसीवरून त्यांनी गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे आकडे मोबाईलवर ई-चलानच्या साइटवर टाकले. फोटो उघडला. पांढरी जीप, खिडकीबाहेर भगवी बाही.

"अगं बाई! वहिनी जीप कधी शिकल्या?" कमळाबाई म्हणाल्या.

महिपतराव महाराजांच्या जीपकडे गेले. एकोणतीस वर्षं त्यांनी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले होते. काच पुसल्याशिवाय कधी आकडा लिहिला नव्हता. त्यांनी रुमाल ओला करून प्लेट पुसली. एफच्या पायाशी ओढलेली शेंदराची आडवी रेघ निघाली. रेघेमुळे एफचा ई दिसत होता. ई धरला, की अख्खा नंबर विनिताच्या स्कूटरचा.

"ही तर लीला..." महाराज पुटपुटले.

"वेग तुमचा आणि मेसेज माझ्या मेलेल्या बायकोला. ही कसली लीला?"

महाराज जीपमध्ये चढले आणि निघाले, या वेळी वीसच्या वेगाने. कमळाबाई फडकं घेऊन टेम्पोकडे धावल्या.

महिपतराव जमलेल्यांना म्हणाले, "मला ती हवी होती, म्हणून मी खरं मानलं. दुःखात माणूस तपासत नाही, तिथेच असले लोक शिरतात. आधी फोटो बघा. चूक असेल तर तक्रार करा. आणि आपणच जोरात चालवली असेल, तर दंड भरा आणि हळू चालवा."

रुचिता टीचरनी तक्रार नोंदवून दिली. स्कूटर मात्र अजून विनिताच्याच नावावर आहे. ते बदलायचं राहिलंय.