आर्णीपर्यंत दोन सीट

मोबाइलवर माझ्या नावाखाली लोकांनी शेरे लिहिलेत. ‘काका वेळेवर असतात.’ ‘गाडी स्वच्छ.’ आणि एका पोराने लिहिलंय, ‘काका चिडतात, पण नीट पोचवतात.’ त्या पोराने शेंगदाण्याची टरफलं सीटखाली टाकली होती. चिडू नको तर काय त्याचा सत्कार करू?

वीज कंपनीतून लाइनमन म्हणून रिटायर झालो आणि ही गाडी घेतली. राहतो फुलसावंगीला. मुलगी नागपूरला असते. तिला बाळ झालं तशी बायको तिकडेच जाऊन राहिली. मी शुक्रवारी जातो, रविवारी परततो. रिकामी गाडी पळवणं पेट्रोलच्या भावात परवडेना, म्हणून जावयाने मला गाडीतल्या रिकाम्या सीट भरून देणाऱ्या ॲपवर घातलं. आता वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागाव, जो ज्या गावचा तो तिथे उतरतो आणि चार पैसे सुटतात. ॲपवर माझं नुसतं नाव दिसतं, श्रावण. आडनाव नाही, गाव नाही. अनोळखी माणसाच्या गाडीत लोक घरात बोलत नाहीत ते बोलतात, उतरले की विसरतात. मीही विसरतो.

माझा नियम एकच. आर्णीत थांबायचं नाही. तिथला प्रवासी असला तर बसस्टँडसमोर उतरवायचा, इंजिन चालूच ठेवायचं. आर्णीत माझा धाकटा भाऊ धम्मरत्न राहतो. सख्खा. चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

त्या रविवारी दोनच सीट भरल्या होत्या, दोन्ही आर्णीच्या. साठीच्या इंदूबाई आणि त्यांचा मोठा मुलगा राजदीप. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती पाहून दोघांनी जय भीम केला, मीही केला. मागे बसलं की मळमळतं म्हणून इंदूबाई पुढे बसल्या. मांडीवर एक कापडी पिशवी होती, ती त्या काही केल्या खाली ठेवेनात. माणसं चांगली वाटली. टरफलं नव्हती.

कळंबला चहाला थांबलो तेव्हा बाई मोकळ्या झाल्या. धाकट्या मुलासाठी मुलगी पाहायला चालल्या होत्या. मुलगी बी.एस्सी. झालेली, यवतमाळला एका लॅबमध्ये रक्त तपासते. बापाचं आर्णीत मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान.

माझा चहा हातातच राहिला. आर्णीत गाड्या दुरुस्त करणारे दहा असतील, पण लॅबमध्ये जाणारी मुलगी त्यातल्या एकाचीच. पायल. माझी पुतणी. तिला पाहायला पाहुणे येतात आणि मला, तिच्या मोठ्या बाबाला, पत्ता नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात बाईंनी विचारलं, आर्णीचे धम्मरत्न मेकॅनिक ओळखीचे आहेत का. नाही, म्हणालो. रागात माणूस खोटंही झटकन बोलतो.

गाडी सुरू झाली आणि मग खरी गोष्ट निघाली. बाईंच्या मनात खुटखुट होती. या मुलीची आधी एक सोयरीक मोडली होती, तीही साक्षगंधाच्या दिवशी. लग्न पक्कं करायला आलेले पाहुणे भरल्या ताटावरून उठून गेले म्हणे. राजदीप म्हणाला, कोणी तरी सांगितलं की मुलीचं बाहेर कुठे तरी होतं. बाईंनी सुस्कारा सोडला.

“उगाच कोण मोडते, भाऊ? पोरीतच काही असन. घरी इचारलं तर खरं कोण सांगन? पाहू, चहा पिऊ, अन येऊ वापस.”

म्हणजे ठरलंच होतं. पायल त्यांच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन येणार, मान खाली घालून बसणार, आणि निकाल आधीच लागलेला.

खरं काय झालं होतं ते मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणालाच नाही. आमच्याकडे साक्षगंधाला मुलाकडचे लोक मुलीकडच्या मोठ्या माणसांना दुपट्टा-टोपी देतात. आधी मोठा, मग धाकटा. त्या दिवशी त्यांनी आधी धम्मरत्नला दिली, मग पायलच्या मामाला, मग दोन शेजाऱ्यांनासुद्धा, आणि टोप्या संपल्या. चूक होती त्यांची, पण मुद्दाम केलेली नव्हती. मी उभा राहिलो आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलाच्या बापाची लायकी काढली. धम्मरत्न हात जोडत होता, त्यालाही ढकललं. पाहुणे उठले. तीस रुपयांच्या टोपीपायी एका मुलीचं ठरलेलं लग्न गेलं.

आणि पुढची चार वर्षं मी सांगत फिरलो, ते लोकच बरोबर नव्हते. लोकांना ते कारण पुरलं नाही. त्यांनी आपलं दुसरं शोधलं, नेहमीचं, मुलीच्या अंगावर टाकायचं. ते माझ्या कानावर आलं होतं. मी गप्प बसलो होतो. गप्प बसायला लागतं काय?

यवतमाळ गेलं. बाई खिडकीतून कपाशी पाहत होत्या. पुढे एका निंबाखाली मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.

“बाई, मी मगाशी खोटं बोललो. त्या पोरीची सोयरीक कायनं मोडली, मले माहीत हाये. तिच्या मोठ्या बाबाले टोपी नाई भेटली म्हणून त्यानं तमाशा केला. पोरीनं काईच नाई केलं.”

राजदीपने मागून विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

“तो मोठा बाबा मीच हाये.”

मग राजदीपने सरळ मुद्द्यावर बोट ठेवलं. तुम्ही घरचेच निघालात, म्हणजे पुतणीच्या बाजूनेच बोलणार. बरोबर होतं त्याचं.

“बाजूनं बोलणारा मानूस सोताले इतकं लहान नाई करत,” इंदूबाई मुलाला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “चला, भाऊ. बसस्टँडवर नाई, घरी चला.”

वाटेत त्यांनी पिशवी उघडून आत पाहिलं. जमलंच तर असावं म्हणून मुलीला साडी आणली होती, आणि दोन दुपट्टे, दोन टोप्या. बापाला एक, मामाला एक. मुलीला मोठा बाबा आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, असं त्या संकोचून म्हणाल्या. मला ते फार लागलं. पण रागवायचं कोणावर?

धम्मरत्न पाहुण्यांना घ्यायला बाहेर आला आणि स्टिअरिंगवर मला पाहून जागच्या जागी थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, आता हा काय करतो याची. सख्ख्या भावाला आपली अशी भीती वाटावी, याहून वाईट मला आयुष्यात काही वाटलेलं नाही. इंदूबाई म्हणाल्या, यांनीच आणलं आम्हाला, यांनाही आत घ्या. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो आणि तोंड बंद ठेवलं.

पायल आली. आधीपेक्षा बारीक झाली होती. इंदूबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं, दोन-चार गोष्टी विचारल्या, मुलाचा फोटो दाखवला. तास-दीड तास बोलणं झालं. पायलला विचारलं, तिने मान हलवली. बाईंनी पिशवी उघडली.

धम्मरत्नला दुपट्टा-टोपी दिली. मामाला दिली. पिशवी रिकामी झाली. सगळे माझ्याकडे पाहत होते. धम्मरत्नने घाईघाईने स्वतःची टोपी काढली आणि माझ्याकडे यायला लागला. मी उठून त्याचा हात धरला आणि टोपी परत त्याच्याच डोक्यावर ठेवली. सरळही करून दिली.

“मोठे बाबा,” पायल म्हणाली. चार वर्षांत तिने मला मारलेली ती पहिली हाक. “आज टोपी नाई भेटली. जेवून जासान ना?”

मी मान हलवली. ती ताट वाढायला आत गेली.