तिया देओलिंडाचा कबुलीजबाब

आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राचा वर्ग दर सत्राला जाहीर होतो आणि दर सत्राला रद्द होतो. बारा डोकी जमली नाहीत की डीनबाई मिसेस हॅव्हर्टी वर्गावर फुली मारतात आणि वर हसून सांगतात, "पुढच्या वेळी नक्की हं!" नर्सिंगला जायचं तर माझा हा एकच विषय राहिला होता. दोनदा नाव घातलं, दोनदा वर्ग उडाला. या खेपेलाही उडाला असता तर नर्सिंगची जागा गेली असती आणि मी जन्मभर भावाच्या गोठ्यात गाईंच्या सडांना यंत्र लावत बसले असते. गाईंशी माझं वैर नाही, पहाटेशी आहे.

सत्र आठवड्यावर आलं तेव्हा आम्ही आठ जण होतो. मी डीनबाईंकडे गेले.

"आठ म्हणजे बारा नव्हेत, झुल्मिरा," त्या म्हणाल्या.

"आणखी चार आणले तर?"

"या गावातून? कुठून आणणार?"

त्यांच्या मागच्या भिंतीवर एक हसरा म्हातारा चिकटवलेला होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'साठी ओलांडलेल्यांना फी माफ. शिकायला वय नसतं!' मी बोटाने दाखवलं. डीनबाईंनी वळून पाहिलं. ती पाटी त्यांनी पहिल्यांदाच वाचली असावी.

म्हातारे हवेत तर पोर्तुगीज हॉल गाठायचा. आमच्या खोऱ्यातले गोठेवाले बहुतेक सगळे समुद्रापलीकडच्या आसोरेस या पोर्तुगीज बेटांवरून आलेले. गोठे पोरांच्या गळ्यात घालून म्हातारी मंडळी रोज दुपारी हॉलमध्ये सुएका खेळतात. चौघांचा पत्त्यांचा डाव, समोरासमोरचे जोडीदार, आणि जोडीदाराशी चकार शब्द बोलायचा नाही. हॉलमधलं दाराजवळचं टेबल माझ्या आत्याचं, तिया देओलिंडाचं. आमच्यात आत्या, मावशी, शेजारीण, सगळ्या तियाच, आणि त्यांचे नवरे तियो. पण गावात नुसतं 'तिया' म्हटलं की ती देओलिंडाच.

"गणित? मी?" ती पत्ते न ठेवताच म्हणाली. "मी चौथीत शाळा सोडली. त्या दिवशी आमची गाय व्याली होती."

"पत्त्यांचंच गणित आहे गं, तिया. दोन आठवडे नुसतं बसायचं. दुसऱ्या शुक्रवारी हजेरीची मोजणी झाली की नाव काढून टाक."

"कॉफी मिळते का तिथं?"

"विद्यार्थ्यांना स्वस्तात."

"मग आमचं अख्खं टेबल येईल. आणि आम्ही चौघं शेजारी शेजारी बसणार, सांगून ठेव तुझ्या मास्तरला."

झाले बारा. मी उड्या मारत घरी गेले आणि एक गोष्ट साफ विसरले. हॉलमध्ये खिडकीजवळही एक टेबल आहे.

ते तियो सेराफिमचं. दाराकडच्या टेबलाने फेस्ताला, म्हणजे आमच्या वार्षिक उत्सवाला, सूपचा एक हंडा दिला की खिडकीकडून दोन येणार, हा आमच्याकडचा धर्मच आहे. कारण जुनं. कधीकाळी फेस्ताच्या शेवटच्या डावात तियाने कानाला हात लावून आपल्या नवऱ्याला, तियो गिलला, खूण केली असा सेराफिमचा आरोप होता. तियो गिल वारला, आरोप काही वारला नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच खोलीत बसून तिसऱ्याला सांगतात, "त्या बाईला म्हणावं, दार लाव."

देओलिंडा कॉलेजात निघाली म्हटल्यावर सेराफिम घरी बसणार थोडाच! दोन दिवसांत खिडकीकडच्या आठ जणांनी नावं घातली आणि वीस खुर्च्यांचा वर्ग गच्च भरला. सेराफिमचं मत असं की कॉम्प्युटर हा अक्षर वाईट असलेल्यांसाठी असतो. नावं मात्र कॉम्प्युटरवरच घालायची होती, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी गेला आणि प्रतीक्षायादीत पहिला लागला. त्याच्यामागे त्याची मेहुणी, मेहुणा आणि चुलतभावंडं लागली. आमच्या कॉलेजच्या इतिहासात संख्याशास्त्रासाठी रांग लागली ती तेव्हाच.

पहिल्या दिवशी हॉलची व्हॅन मीच चालवली. सगळ्यांना दारात उतरवलं, दोघींचे वॉकर उघडून दिले आणि गाडी लावायला गेले. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे ज्ञान मिळेल, पार्किंग मिळत नाही. शेवटी पार बदामाच्या बागेपाशी जागा मिळाली. तिथून धावत वर्गात पोचले तर माझ्या खुर्चीवर सेराफिम, टोपी मांडीवर ठेवून.

झालं होतं असं की व्हिटलॉक सरांनी हजेरी घेतली. हे सर तीन कॉलेजांत शिकवतात आणि त्यांचं ऑफिस त्यांच्या गाडीच्या डिकीत असतं. माझं नाव पुकारल्यावर तिया उभी राहून ओरडली होती, "ती गाडी लावतेय!"

"बाई, पहिल्या दिवशी सगळेच गाडी लावत असतात," म्हणत सरांनी नियमाप्रमाणे गैरहजर नाव उडवलं आणि प्रतीक्षायादीतला पहिला माणूस आत घेतला.

म्हणजे ज्या वर्गासाठी मी अख्खा हॉल उचलून आणला, त्या वर्गात फक्त मीच नव्हते.

मी प्रवेशाच्या खिडकीवर गेले. तिथली बाई म्हणाली, हे सरांच्या हातात. सर म्हणाले, डीनच्या. डीनबाई म्हणाल्या, "हे कॉम्प्युटरने केलंय गं, माझ्या हातात काय आहे? यादीत शेवटी नाव घाल. शुक्रवारपर्यंत कुणी सोडलं तर बघू."

तिया तेव्हाच आपली जागा सोडायला उठली होती. मीच तिला हाताला धरून बसवलं. ती उठली असती तर जागा सेराफिमच्या मेहुणीला मिळाली असती. रांग अख्खी त्याची होती, मी तिच्या शेपटाला.

दोन आठवडे मी वर्गाच्या दाराबाहेर खुर्ची टाकून शिकले. आत आगीच्या नियमाने एकविसावा माणूस चालत नव्हता, बाहेर मात्र माझ्या अंगावरून सगळं कॉलेज गेलं तरी चालत होतं. सर भिंतीकडे बघत पडद्यावरचं वाचून दाखवायचे. ही त्यांची रीत तिसऱ्या दिवशी मोडली.

"समजा, बावन्न पत्त्यांतून एक ओढला..." सर म्हणाले.

"बावन्न कुठले?" खिडकीकडचे ओरडले. "चाळीस!"

"कॅटात बावन्न पत्ते असतात."

"अठ्ठ्या, नव्व्या, दश्श्या काढून ठेवायच्या असतात, मास्तर!" हे दाराकडचे. "तुम्हाला घरी कुणी शिकवलं नाही?"

तास संपेपर्यंत वाद चालला. दोन्ही टेबलांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं आणि ते मास्तरविरुद्ध. दुसऱ्या दिवशी सरांनी पडदा गुंडाळला, खिशातून चाळीस पत्ते काढले आणि सगळ्यांकडे तोंड करून शिकवायला लागले. इतकं छान शिकवत होते की बाहेर बसून मला रडू येत होतं. आता मोजणीनंतर नाव काढायला कुणीच तयार नव्हतं.

गुरुवारी मी कॅन्टीनमध्ये सेराफिमला गाठलं.

"तियो, तुम्ही उठलात आणि तुमच्या माणसांना रांगेतून बाजूला व्हायला सांगितलंत, तर मी आत येते."

"सांगेन की," तो कॉफीत बिस्कीट बुडवत म्हणाला. "माझ्या एका शब्दावर बाजूला होतील. तुझ्याशी माझं काय भांडण, पोरी? तू नर्स झालीस तर मलाच सुई टोचायला येशील. फक्त त्या बाईला म्हणावं, उद्या सगळ्यांसमोर कबूल कर. कानाला हात लावला होता म्हणून."

मी तियाला सांगितलं. ती एवढी लाल झाली की मला तिच्या रक्तदाबाची काळजी वाटली.

"मेले तरी नाही! म्हणावं, आधी स्वतः खेळायला शीक!"

मी पुन्हा विचारलं नाही. विचारणार कोणत्या तोंडाने? तियाकडे शेत नाही, गाई नाहीत, नवरा नाही. हॉलमध्ये तिचं नाव आहे, तेवढंच. त्या रात्री मी भावाला सांगून टाकलं की उन्हाळ्यापासून पहाटेची पाळी माझी.

शुक्रवारी सरांनी हजेरी सुरू केली. 'देओलिंडा आव्हिला' म्हटल्यावर तिया उभी राहिली, पण हजर म्हणाली नाही. तिने सेराफिमकडे पाहिलं आणि तिसऱ्या माणसाला मध्ये न घालता सरळ त्याच्याशी बोलली.

"सेराफिम, त्या डावात मी खूण केली होती. कानाला हात लावला. गिलला कळलं, त्याने सत्ती टाकली, तुम्ही हरलात. झालं समाधान?"

तियाच्या टेबलावरच्या बायका तिच्याकडे अशा बघत होत्या की जणू तिने चर्चची दानपेटी फोडली. सेराफिम उठला, टोपी घातली. चेहऱ्यावर आनंद पाहिजे होता, तो कुठे दिसेना. "ये, पोरी," एवढंच म्हणत तो बाहेर गेला आणि जाताना माझी खुर्ची त्याने स्वतः आत ढकलून दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या मेहुणीपासून सगळ्यांनी रांगेतली नावं काढली आणि कॉम्प्युटरने मला आत घेतलं.

घरी जाताना व्हॅनमधले सगळे उतरले आणि आम्ही दोघीच राहिलो. माझ्याच्याने राहवेना.

"तिया, खरंच केली होतीस खूण?"

"कुणाला?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुझा तियो पत्त्यांवरून मान वर करायचा तरी का? भूकंप झाला असता तरी त्याने आधी हात संपवला असता."

"मग तू खोटं..."

"समोर बघून चालव. आणि पास हो. नाहीतर मी फुकट चोर झाले."

मी समोर बघून चालवत राहिले.

रविवारी मी तिला हॉलवर सोडायला गेले. बातमी अर्थातच आमच्या आधी पोचली होती. ती टेबलाशी बसली, पत्ते वाटायला घेतले आणि खिडकीकडून सेराफिमचा आवाज आला, "हात दिसू देत हं, देओलिंडा!" हॉल खो खो हसला. मी तोंड उघडणार तोच तियाने माझ्याकडे असं पाहिलं की माझे शब्द जागच्या जागी राहिले. मग तिने एका हाताने पत्ते धरले आणि दुसरा हात सगळ्यांना दिसेल असा टेबलावर पालथा ठेवला. त्या दुपारचा एकूण एक डाव ती तशीच खेळली आणि एकूण एक डाव जिंकली.