छिन्नीवरचा चुना

शिसं कापायला दोन माणसं लागतात. एकानं छिन्नी धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा. आमच्या घरी मारणारा बा आणि धरणारी याडी. याडी म्हणजे आई. तांड्यावर घरात आम्ही गोरमाटीच बोलतो, पण सगळं तसंच लिहिलं तर तुम्ही पान उलटून मोकळे व्हाल, म्हणून मराठीत सांगते.

बाचं नाव पेमा. कळमनुरीजवळच्या आमच्या तांड्यावर सगळे शेती करायचे, हाही करायचा, आणि उरलेल्या वेळात शिशाच्या गोळ्या ओतायचा. इसापूर धरणावरचे भोई त्या गोळ्या जाळ्याच्या काठाला बांधतात, म्हणजे जाळं तळाला जाऊन बसतं. भंगारवाल्याकडून शिसं यायचं ते जुन्या केबलचं, नाहीतर फुटक्या नळाचं. पण २००३च्या दिवाळीला मी माहेरी गेले तर अंगणात एक सबंध ठोकळा बसलेला. कुठल्याशा मोडीत निघालेल्या वजनकाट्याच्या पोटातला. चार माणसांनी उतरवला म्हणे.

एवढा ठोकळा कढईत मावत नाही, आधी त्याचे नारळाएवढे तुकडे करावे लागतात. शिसं मऊ, म्हणजे काम सोपं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा करवत चालवून बघावी. दाते भरून जातात आणि पातं रुतून बसतं. कुऱ्हाड घातली तर ती आतच अडकते, मग ती उपसायला आणखी एक माणूस शोधा. छिन्नीला तेल लावायचं आणि घाव घालत बोटाबोटानं पुढं सरकायचं, हाच इलाज.

त्या खेपेला याडीच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, दारात सापडलं. आमच्या घराला एकच दार, आणि ते पावसाळ्यातच निखळून भिंतीला टेकवून ठेवलेलं. बाचीही तीच तऱ्हा. मी चहाची बशी पुढं केली तर त्याचा हात वीतभर बाजूला आला. मी म्हटलं, मोतीबिंदू आहे, नांदेडला ऑपरेशन होतं, चल. तर माझ्यावरच तडकला. परवाच माळावरची बकरं मोजली म्हणे. भाऊ प्रेमदास ऊसतोडीला गेलेला, त्यामुळे याला दटावणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी पडले लेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामाला लागली. याडीनं तंबाखूच्या बटव्यातून डबी काढली, बोटानं छिन्नीच्या डोक्यावर चुना लावला, दोन्ही हातांनी छिन्नी धरली आणि म्हणाली, हं. घण आला. पाच-सहा घावांत चुना उडून जायचा. ती पुन्हा लावायची. हा काय प्रकार म्हणून मी विचारलं, तर बा म्हणाला, नजर लागू नये म्हणून लावते येडी, बायकांचे धंदे.

मग एकदा चुना लावायला तिला जरा उशीर झाला. बा घण डोक्यावर धरून तसाच उभा राहिला. छिन्नी जागेवर, हात जागेवर, तरी घण खाली येईना. तिनं पांढरा ठिपका लावला तेव्हा आला.

माझी जीभ माझ्या ताब्यात कधीच नव्हती. मी म्हटलं, "याडी, त्याला दिसत न्हाई, आन् तू खाली हात धरून राहिली?"

बानं घण हळूच खाली ठेवला. गेली दोन वर्षं त्याला वाटत होतं, आपण हिच्या चुन्याचा गुपचूप फायदा घेऊन राहिलो आणि हिला पत्ता नाही. त्यानं विचारलं, हे कधीपासून. याडी म्हणाली, मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीपासून. एवढंच. मग तो म्हणाला, ठोकळा परत पाठवा, आपलं काम आजपासून बंद. जाऊन बाजेवर बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण असा बसला की मला त्याच्याकडं बघवेना.

याडी उठली. छिन्नी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, धरायला डोळे लागत नाहीत, घण मी मारते. बा म्हणाला, आपल्यात बाई घण मारत नाही. ती म्हणाली, घिसाड्यांच्या बाया मारतात की, आणि त्यांच्या घरचे पुरुष काही कमी झालेले मी बघितले नाहीत. कळमनुरीच्या बाजारात पाल टाकून बसलेल्या एका घिसाडणीला तिनं विचारून घेतलं होतं, पाय कुठं रोवायचा, नजर कुठं ठेवायची. दोन महिने घरामागं दगडावर सराव चालला होता. बा शेतात गेला की.

हो ना करता करता तो ठोकळ्याशी बसला. छिन्नी चाचपून खाचेत धरली. याडीनं पदर खोचला आणि घण उचलला.

पहिल्या घावाला बानं डोळे गच्च मिटले. तसेही ते कामाचे नव्हते, पण मिटले. घण नेमका बसला. दुसरा बसला, तिसराही बसला. खाच खोल होत गेली. दहा-बारा घावांनंतर बा म्हणाला, थांब. छिन्नी सोडायला गेला तर त्याची बोटं उघडेनात.

"तू रोज आसंच बसायची?"

"व्हय."

"भेव न्हाई वाटलं?"

"वाटायचं. पण तुमी काम सोडून बाजेवर बसता, त्याचं जास्ती वाटायचं."

बानं तिचा हात ओढून घेतला आणि त्या काळ्या नखावरून अंगठा फिरवत राहिला. पोरांसमोर त्यानं तिचा हात धरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मला रडू आलं, आणि ते लपवायची गरज नव्हती, कारण बाला दिसत नव्हतं आणि याडी त्याच्याकडंच बघत होती.

मग त्यानं माझ्या दिशेला, म्हणजे माझ्या जरा बाजूला तोंड केलं.

"दिपा, नांदेडची गाडी किती वाजता हाये?"