उपाशी कोण?

कारखान्याच्या फाटकासमोर दादा उपोषणाला बसला त्याचा हा तिसरा दिवस, आणि गडी कसा टवटवीत! त्याच्या धाकट्या बहिणीला कुठेतरी पाणी मुरतंय असं सारखं वाटत होतं. ती लॅबवाली, दादाची रोजची तपासणी कामगारांनी तिच्याकडेच सोपवली होती. काढून टाकलेल्या माणसांना परत घ्या, एवढीच मागणी. सगळ्यांचा जीव दादाच्या उपासावर टांगलेला.

तिने त्याच्या लघवीत पट्टी बुडवली. रंग बदलेना. दुसरी बुडवली. तीही ढिम्म.

आता शरीर काही कुणाच्या पुढारीपणाला भीक घालत नाही. जेवलं की रक्तात साखरेची चंगळ. मेंदू घेतो, स्नायू घेतात, उरलेली यकृत कोठारात टाकतं, त्यातूनही उरली तर चरबी चढते. जेवण थांबलं की यकृत तेच कोठार उपसून मेंदूला पुरवतं. ते एक-दोन दिवसांत खडखडाट. मग चरबी वितळते, स्नायू ती जाळतात, आणि यकृत तिचेच कीटोन करून मेंदूला जगवतं. हे कीटोन लघवीत उतरले की पट्टी जांभळी होते. दादाची पट्टी होती तशीच!

“दादा, खरं सांग. चोरून खातोस ना?”

“वेडी की काय? तुझ्या पट्ट्याच जुनाट!” तो हसला, पण नजर चुकवून.

पट्ट्या खराब निघाल्या तर देव पावला, असं तिला मनापासून वाटलं. तेवढ्यात दादाला वारा घालत बसलेली आई तिच्या कानाशी वाकली. “बरा आहे ना गं तो?”

आईच्या श्वासाला जास्त पिकलेल्या फळांचा वास होता. हा तर कीटोनचाच वास! तिने आईला आडोशाला नेऊन तपासलं. पट्टी गडद जांभळी.

“आई, कधीपासून जेवली नाहीस?”

“तो बसला तेव्हापासून. लेकरू उपाशी, माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?”

तिने ती पट्टी दादापुढे धरली. “ही आईची.”

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. समोर घोषणा चालू होत्या. तो उठला. “थांबा रे. मी रोज रात्री जेवतोय.”

मांडवात मागून कुणीतरी शिवी हासडली. दादाने गादीखालचा डबा काढून आईपुढे केला. “तू जेव गं, आई. पाया पडतो.”

आईने डब्याला हातसुद्धा लावला नाही.

“आता कसली भूक?” ती म्हणाली.