पेकनच्या झाडाखालचं लोखंड

नव्या घरातल्या पहिल्याच सकाळी खिडक्यांच्या काचा थरथरल्या, तेव्हा व्हर्नेटा पिकेट न्हाणीघरात दात घासत होती. ब्रश तोंडात तसाच ठेवून ती जमिनीवर पालथी पडली. गाल गार फरशीला, दोन्ही हात डोक्यावर. क्लीव्हलंडमध्ये अंगवळणी पडलेली गोष्ट होती ती. आणखी एक दणका बसला, मग तिसरा. कपाटातल्या औषधाच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या.

"व्हर्नेटा!" बाहेरून तिची बहीण ओडेसा ओरडली. "अगं, आहेस का गेलीस?"

"खाली पड तू! खाली पड आधी!"

"मी खाली पडले तर मला उठवायला क्रेन मागवावी लागेल. बाहेर ये. शेजारचा म्हातारा अंगणात बसून निवांत पेपर वाचतोय. जग बुडत असतं तर त्यानं निदान मान तरी वर केली असती."

तो म्हातारा म्हणजे ऑरविल ग्राइम्स, सैन्यातून निवृत्त झालेला सार्जंट. मधल्या तारेच्या कुंपणापलीकडे एकटाच राहायचा. दुपारी तो घरी केलेला पीचचा मुरंबा घेऊन आला, टोपी काढून पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "छावणीतल्या तोफा आहेत, मॅडम. पोरं सराव करतात. महिनाभरात तुम्हाला ऐकूसुद्धा येणार नाहीत."

"मला सगळं ऐकू येतं," व्हर्नेटा म्हणाली.

दोघी बहिणींनी साठी ओलांडली होती. व्हर्नेटानं एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली होती आणि ओडेसानं शाळेच्या स्वयंपाकघरात, कमरेचं हाड जाईपर्यंत. मागच्या हिवाळ्यात एक गोळी त्यांच्या क्लीव्हलंडमधल्या स्वयंपाकघराची भिंत फोडून फ्रिजच्या दारात रुतली. पोलीस म्हणाला, बाई, ही तुमच्यासाठी नव्हती. त्या वाक्यानं व्हर्नेटाची झोप गेली ती गेलीच. मग ओडेसा फोनमध्ये डोकं घालून बसली आणि आठवड्यानं तिनं गाव शोधून काढलं: जॉर्जियातलं कोलंबस. दोघींच्या पेन्शनमध्ये भागेल असं, चॅटाहूची नावाच्या नदीच्या काठचं, धड मोठं नाही की धड लहान नाही. जवळच छावणी, त्यामुळे डॉक्टर, दुकानं, बस सगळं हाताशी. व्हरांडा असलेलं स्वतःचं घर मिळेल, मागे अंगण आणि अंगणात अक्रोडासारखी फळं देणारं पेकनचं झाड.

"आई सतराव्या वर्षी गोऱ्यांच्या भीतीनं त्याच जॉर्जियातून पळाली होती," व्हर्नेटा म्हणाली होती. "परत कधी पाऊल ठेवलं नाही तिनं."

"आईच्या वेळची माणसं मेली, व्हर्नेटा."

"सगळी?"

तरीही त्या आल्या. मुरंबा चांगला होता. दुकानातली पोरगी आपुलकीनं 'मिस व्हर्नेटा' म्हणायला लागली. पण तोफा सुरू झाल्या की व्हर्नेटा हातातलं काम टाकून खाली बसायची. मग तिनं एक उपाय काढला. सकाळी उठून ती चालत नदीवर जायची, जुन्या गिरणीच्या खाली, जिथे पाणी खडकांवरून घोंगावत उतरतं. तिथे पाण्याच्या आवाजात तोफाच काय, स्वतःच्या मनातलंही ऐकू यायचं नाही. तास दीड तास बसून ती परत यायची. फेब्रुवारी संपता संपता तिच्या ध्यानात आलं की आपण दोन दिवस नदीवर गेलेलोच नाही. तोफा चालू होत्या, आणि ती भांडी घासत होती.

त्याच आठवड्यात तिनं फावडं विकत आणलं. कोलार्डची, कोबीसारख्या रुंद पानांची भाजी लावायची होती. पेकनच्या झाडाशेजारी, कुंपणाच्या अलीकडे, सकाळचं ऊन चांगलं यायचं.

"तिथे नका खणू," ग्राइम्स कुंपणापलीकडून म्हणाला. "सगळी मुळं आहेत. पलीकडच्या बाजूला घ्या वाफा, मी खणून देतो."

"पलीकडे दिवसभर सावली असते, सार्जंट."

"कोलार्डला सावली चालते."

"कुठल्या कोलार्डला?" ओडेसा व्हरांड्यातून म्हणाली. "आमच्याकडच्या तरी उन्हातच वाढायच्या. तुमच्याकडच्या सैन्यात भरती झाल्यात वाटतं."

तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाला, तिसऱ्या दिवशीही. व्हर्नेटाला वाटलं, एकटा राहून राहून माणूस हट्टी होतो. मंगळवारी तो डॉक्टरकडे गेलेला असताना तिनं खणायला घेतलं.

मुळं फारशी नव्हतीच. गुडघाभर खाली फावडं खण्णकन् वाजलं. तिनं हातानं माती उकरली. पिठाच्या डब्याएवढं काहीतरी लांबट लोखंड होतं, एका टोकाला निमुळतं. चिखल आणि गंज चढलेलं. एखाद्या जुन्या पंपाचा भाग असावा. दोन्ही हात घालून तिनं ते उपसून काढलं. सहा महिन्यांच्या बाळाएवढं वजन होतं. चिखल झडावा म्हणून तिनं ते मागच्या पायरीवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग नळीखाली धरून साबण लावला आणि तारेच्या ब्रशनं घासायला लागली. दाराला अडसर म्हणून छान होईल, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात ग्राइम्सची गाडी आली. ब्रश टाकून ती ते लोखंड उचलून कुंपणाकडे निघाली.

"सार्जंट! बघा तुमच्या मुळांमध्ये काय सापडलं!"

ग्राइम्स गाडीतून अर्धा उतरला होता. तो तसाच थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला तिला एवढ्या लांबून दिसला.

"मिस व्हर्नेटा," तो अगदी हळू म्हणाला, "आहात तिथेच उभ्या राहा."

"काय झालं?"

"पुढे येऊ नका. मागे जाऊ नका. जसं धरलंय तसंच धरून ठेवा. तिरकं करू नका."

"अहो, पण आहे काय हे?"

तो कुंपणाच्या फाटकाकडे चालत येत होता, आणि त्याला पळायचं होतं पण तो पळत नव्हता, हे तिला दिसलं. तेवढ्यानंच तिला सगळं कळलं. तिचे हात साबणानं बुळबुळीत झाले होते. लोखंड छातीशी होतं. तिला स्वतःच्या काळजाचे ठोके त्या लोखंडावर आपटताना जाणवले आणि तेही बंद करता आले तर बरं, असं वाटलं.

"ओडेसा," ग्राइम्स मागच्या दारात उभ्या असलेल्या ओडेसाला आवाज न चढवता म्हणाला, "पोलिसांना फोन करा. तोफेचा गोळा सापडलाय म्हणून सांगा. आणि पुढच्या दारानं रस्त्यावर जा."

"मी कुठेही जाणार नाही," ओडेसा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता, पण फोन कानाला लागला होता.

"जा गं," व्हर्नेटा पुटपुटली. ओठ जास्त हलवायचीही तिला भीती वाटत होती. "ओडेसा, जा. पाया पडते."

"तू आधी ते खाली ठेव. मग तुला काय पडायचं ते पड."

फाटकाची कडी गंजली होती. ग्राइम्सनं दोनदा ओढून पाहिली, कडी निघेना. व्हर्नेटाच्या दंडांमधून कळा यायला लागल्या. इस्पितळात ओल्या चादरींचे गठ्ठे उचललेले हात होते ते, पण आता बोटं एकेक करून बधिर होत होती. डाव्या हाताखालून लोखंड केसभर सरकलं.

"आलो," तो म्हणाला. कडी निघाली होती. तो तिच्यासमोर आला आणि त्यानं आपले दोन्ही हात तिच्या हातांखाली घातले. "आता सोडू नका. दोघं मिळून खाली बसायचं. वाफ्यातल्या मऊ मातीवर. माझे गुडघे करकरतील, तिकडे लक्ष देऊ नका."

ती दोघं बसली. किती वेळ लागला कोण जाणे. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळून त्या लोखंडावर पडताना तिला दिसला. माती हाताला लागली. आधी तिनं हात काढले, मग त्यानं.

"आता चला," तो म्हणाला. "मागे बघू नका."

अर्ध्या तासात सगळी गल्ली रिकामी झाली. पोलिसांनी लोकांना कोपऱ्यावरच्या बाप्टिस्ट चर्चच्या सभागृहात नेऊन बसवलं. छावणीतून बॉम्ब निकामी करणारं पथक आलं. कुणी कॉफी केली, कुणी केक कापला, मुलं घरी राहिलेल्या कुत्र्यांसाठी रडत होती. एक तरुण अधिकारी येऊन सांगून गेला की गोळा जिवंत आहे, हलवण्याजोगा नाही. वाळूच्या गोण्या रचून तो जागच्या जागी उडवावा लागेल.

जिवंत. व्हर्नेटा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. पायरीवरचे तीन ठोके तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होते. तिसऱ्या ठोक्याला ओडेसा दारात चहाचा कप घेऊन उभी होती, चार हातांवर.

ग्राइम्स भिंतीपाशी एकटाच बसला होता. मग उठून तो त्यांच्यासमोर आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला.

"तुम्ही म्हणालात, मुळं आहेत," व्हर्नेटा म्हणाली.

"हो."

"तीन वेळा म्हणालात."

त्यानं खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. "तुमच्या घरात आधी लमार सीली राहायचा. माझ्याच तुकडीतला, माझा दोस्त. त्यानं तो गोळा सरावाच्या मैदानातून आणला होता, आठवण म्हणून. पोकळ आहे असं सांगायचा. बरीच वर्षं त्याच्या दिवाणखान्यात होता. मग एकदा मी तो नीट पाहिला आणि दोघांचीही पाचावर धारण बसली. कळवलं असतं तर दोघांची नोकरी गेली असती, पेन्शन गेली असती. तो आणणारा आणि मी इतके दिवस बघणारा. म्हणून दोघांनी मिळून पुरला."

"आणि तो मेल्यावर?"

"त्याच्या मुलांनी घर विकलं. त्यांना माहीत नव्हतं."

"तुम्हाला माहीत होतं," ओडेसा म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा तुम्ही मुरंबा घेऊन आलात. मुरंबा!"

"मला वाटलं, मी लक्ष ठेवीन."

क्लीव्हलंडमधली ती गोळी कुणी झाडली हे तिला कधीच कळलं नव्हतं. त्या गोळीला चेहरा नव्हता. इथे चेहरा होता, म्हातारा, घामेजलेला, आणि त्यानंच तासाभरापूर्वी तिच्या हातांखाली आपले हात घातले होते. त्याच्यावर ओरडावं की त्याच्या गळ्यात पडून रडावं, तिला समजेना. त्या न समजण्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

"बाहेर तो पोलीस उभा आहे," ती अखेर म्हणाली. "त्याला सांगून या. आत्ता. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

त्यानं टोपी डोक्यावर चढवली, सरळ केली आणि तो बाहेर गेला. खिडकीतून त्या दोघींना तो दिसला. पोलिसासमोर ताठ उभा राहून बोलत होता, पोलीस वहीत लिहून घेत होता.

चार वाजता गोळा उडवला. सभागृहाची जमीन पायाखाली उसळली. कुणीतरी प्रार्थना म्हणायला लागलं. व्हर्नेटा जमिनीवर पडली नाही. ओडेसाचा हात तिनं इतका घट्ट धरला होता की नंतर आठवडाभर त्यावर वळ होते.

घरी आल्या तर मागच्या सगळ्या काचा फुटल्या होत्या, पेकनची एक फांदी कौलांवर आडवी झाली होती आणि वाफ्याच्या जागी गाडीचं चाक मावेल एवढा खड्डा होता. पुढच्या आठवड्यात सैन्याची माणसं यंत्रं घेऊन आली. सबंध अंगण तपासलं, काही नाही असा कागद दिला. व्हर्नेटानं तो कागद फ्रिजवर लावला आणि त्यावर अजिबात विश्वास ठेवला नाही. अंगणात ती फक्त सिमेंटच्या वाटेवरून चालायची. कोलार्ड तिनं व्हरांड्यात बादल्यांमध्ये लावली. सकाळी पुन्हा नदीवर जायला लागली.

"परत जायचं का?" ओडेसानं एकदा विचारलं.

"कुठे?" व्हर्नेटा म्हणाली.

ग्राइम्सवर खटला झाला नाही, पण चौकशीला त्याला चारदा जावं लागलं. चर्चमध्ये लोक त्याच्या बाकावर बसेनासे झाले. बहिणी अंगणात असल्या की तो घरातच थांबायचा. त्याचा पडदा हलायचा आणि पुन्हा पडायचा.

जूनमधल्या एका सकाळी तो फावडं घेऊन बाहेर आला आणि व्हर्नेटाला व्हरांड्यात पाहून तसाच मागे वळला.

"सार्जंट!" तिनं हाक मारली. तीन महिन्यांनी मारलेली पहिली हाक. "त्या तुमच्या वाफ्यात काय पुरलंय?"

तो जागीच थांबला. "बटाटे, मिस व्हर्नेटा."

"बटाटेच?"

"बटाटेच."

"खणून दाखवा."

ओडेसा खुदकन हसली. व्हर्नेटा हसली नव्हती, आणि ते त्यालाही दिसलं. तो वाफ्याच्या टोकाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं पहिली माती बाजूला केली. व्हर्नेटा व्हरांड्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. त्यानं बटाटा काढला, चोळून साफ केला, तिला दिसेल असा वर धरला आणि कुंपणाजवळ ठेवला. मग पुढचा.

"अजून," ती म्हणाली.

ऊन वर आलं. छावणीत तोफा सुरू झाल्या. तो एकेक बटाटा काढून दाखवत राहिला, आणि शेवटची सरी उकरून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.