खाली वाकल्यावर दिसणारा रस्ता

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांची धास्ती नसते, असा लोकांचा उगाचच समज आहे. ताईला ती इतरांपेक्षा जास्तच होती. सगळा भाग तिला ताई म्हणायचा, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. कुणाच्या नाकावर फ्रेम बसव, कुणाच्या कानामागची काडी गरम करून वाकव, कुणाला ‘आता खालची ओळ वाचा’ म्हण, यात तिचा दिवस जायचा. घरी आई असायची. आईला काचबिंदू होता. ताईच्या आत्ताच्या वयाची असताना आईला वरच्या बाजूचं दिसेनासं झालं. कपाटाच्या उघड्या दारावर कपाळ आपटायचं आणि ती स्वतःच्याच वेंधळेपणाला हसायची. डॉक्टरांकडे गेली तोवर फार उशीर झाला होता. आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. काचबिंदू आईकडून लेकीकडे येऊ शकतो, हे ताई दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला बजावून सांगायची.

सायकलचं वेड तिला उशिराच लागलं. आधी गुडघ्यांसाठी म्हणून सुरू केलं, मग क्लबात गेली, मग एकट्याने घड्याळाशी झुंजायच्या शर्यतींची चटक लागली. यंदा तिने हँडलवर एरोबार बसवून घेतले. म्हणजे पुढे काढलेल्या दोन दांड्या. त्यांच्या मागच्या गाद्यांवर कोपरं टेकवायची, पाठ टेबलासारखी सपाट करायची, डोकं खांद्यांत घालायचं, की वारा अंगावरून निघून जातो आणि सायकल पळत सुटते. क्लबातले मास्तर सांगून सांगून थकले होते, की खाली वाकलात तरी नजर लांब ठेवा, चाकाखालचं डांबर बघत बसू नका. मान दुखली तर सरळ उठून बसा, कुणी पदक काढून घेत नाही. ताईने ते मनावर घेतलं होतं. शर्यतीसाठी तिने स्वतःला नवा चष्माही केला होता. पिसासारखा हलका, बुटक्या काचांचा, काचांना वरखाली कडच नसलेला. दिसायलाही झकास होता.

पण खाली वाकून नजर लांब टाकली, की लांबचं काही दिसेचना. चाकापुढचं डांबर स्वच्छ, एकेक खडी मोजून घ्या, आणि त्याच्या वर सगळं दुधात बुडवल्यासारखं. उठून बसलं की पुन्हा लख्ख. पहिल्यांदा तिला वाटलं, घाम डोळ्यात गेला. दुसऱ्यांदा धुकं असेल अशी तिने स्वतःची समजूत घातली, तेही ऊन चांगलं डोक्यावर आलेलं असताना.

मग तो टँकर आला. आला म्हणजे काय, बिचारा रस्त्याच्या कडेला उभाच होता आणि चालक खाली उतरून टायर बघत होता. ताई वेगात होती. वर दूध, खाली डांबर. दुधातला एक करडा डाग मोठा होत गेला आणि एकदम त्याचा टँकर झाला. तिने हात मागे घेऊन कसेबसे ब्रेक दाबले. सायकल आडवीतिडवी घसरली आणि टँकरच्या पत्र्यापासून हातभर अलीकडे थांबली.

“ओ बाई, दिसत नाही का?” चालक ओरडला.

एरवी तिने त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी तिने खाली मान घालून सायकल सरळ केली. त्याने विचारलं होतं ते अगदी बरोबर होतं.

काहीच माहिती नसती तर ती मुकाट्याने डॉक्टरांकडे गेली असती. तिची पंचाईत अशी, की तिला अर्धवट माहिती होती. डोकं खाली केलं की डोळ्यातला दाब वाढतो, हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. दाब वाढतोय, वरचं दिसेनासं होतंय, आईचंही वरूनच गेलं होतं. झालं, बाईंनी निदान करून टाकलं! गिऱ्हाइकाच्या बाबतीत नुसती शंका आली तरी ती त्याच्या मागे लागून त्याला डॉक्टरांकडे धाडायची. स्वतःच्या वेळी मात्र आज जाऊ, उद्या जाऊ. डॉक्टर म्हणत नाहीत तोवर ते खरं नाही, असला पोरकट हिशोब. सायकल तिने भिंतीला टेकवून ठेवली. आणि सुट्टीच्या दुपारी आई जेवून आडवी झाली, की ती डोळे मिटून घरभर चालायला शिकू लागली. खोलीतून स्वयंपाकघर, तिथून न्हाणीघर. आत्तापासून सवय केलेली बरी, म्हणे.

एका दुपारी ती अशीच न्हाणीघराकडे निघाली असताना आईचा आवाज आला.

“काय चाललंय गं तुझं?”

“काही नाही. पाणी प्यायला उठले.”

“पाणी तिकडे कुठे आहे? इकडे ये. बस इथे.” आई उठून बसली होती. “भिंतीवरून हात घासत चालतेस. माझे डोळे गेलेत, कान नाही गेलेले. दिसणारं माणूस असं चालत नाही. मी चालायला शिकत होते ना, तेव्हा माझ्या हाताचा असाच आवाज यायचा.”

ताईने हसून वेळ मारून न्यायला बघितलं, पण ते काही जमलं नाही. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली आणि रडता रडता सगळं सांगून मोकळी झाली, टँकरसकट. आईने पदराने तिचं तोंड पुसलं.

“उद्या डॉक्टर,” ती म्हणाली. “मी येणार बरोबर. नको म्हणालीस तर एकटी चालत जाईन, मग बस शोधत मला.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी सगळं केलं. यंत्राला हनुवटी टेकवून ठिपका चमकला की बटण दाबायचं, ती परीक्षा झाली. ताई इतकी घाबरली होती, की ठिपका नसतानाही तिने बटण दाबलं. मग दाब मोजला, थेंब टाकले, आतली नस बघितली. आई बाहेर बाकावर बसून होती आणि दार उघडलं की मान वर करत होती.

“ताई, तुम्ही माझ्याकडे इतकी माणसं पाठवलीत, पण तुमच्याएवढं घाबरट एकही नव्हतं,” डॉक्टर म्हणाल्या. “नस ठणठणीत आहे. दाब उत्तम. काचबिंदूचा मागमूस नाही. वर्षातून एकदा दाखवत जा, बास.”

“मग खाली वाकल्यावर अंधुक का दिसतं?”

“ते इथे खुर्चीत बसून कसं कळणार? सायकलवर होतं ना, मग सायकलवरच बघायला हवं.”

ताईचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. यंत्र बिघडलेलं असेल तर? ती नको तेव्हा बटण दाबत बसली, त्याने निकाल चुकला असेल तर? घरी येईपर्यंत तिच्या सगळ्या शंका काढून झाल्या. आईने चपला काढल्या आणि हुकूम सोडला.

“सायकलवर बस.”

“घरात?”

“नाहीतर काय छपरावर? तू बसतेस ना, त्या वेड्या पद्धतीने बस.”

घरात सरावासाठी मागचं चाक अडकवायचा स्टँड होता. ताईने सायकल त्यात उभी केली, वर चढली, कोपरं टेकवली, पाठ सपाट केली. आई चाचपत जवळ आली. डोळे होते तोवर कपडे शिवलेली तिची बोटं लेकीच्या पाठीवरून मानेवर आली.

“आता लांबचा रस्ता बघतेस तसं बघ.”

ताईने बघितलं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दुधात बुडालं. आईचं बोट कपाळावरून भुवईवर उतरलं, तिथून आणखी खाली, आणि अलगद पापणीला लागलं. ते तिथेच थांबलं. मग हळूच पुढे सरकलं, खाली गेलं, तेव्हा कुठे त्याला काच सापडली.

“अगं, चष्मा कुठाय तुझा?”

“कुठे म्हणजे? डोळ्यांवर.”

“कुठला डोळ्यांवर! गालावर आलाय. माझं बोट थेट पापणीला लागलं, मध्ये काही आलंच नाही. तू काचेच्या वरून बघतेयस, बये!”

ताई तशीच वाकून राहिली. मग एक हात सोडून तिने चष्मा वर ढकलला. कॅलेंडरवरचे आकडे लख्ख. सोडला, की दूध. पुन्हा ढकलला, आकडे. काचेला कड असती तर डोळ्यांपुढे रेघ तरी दिसली असती, पण ती बाईंनी हौसेने काढून टाकली होती. आणि माप घेतलं होतं दुकानातल्या खुर्चीत ताठ बसून, सगळ्यांचं घेते तसंच. ताईने हँडलवर डोकं टेकलं आणि एकाच वेळी हसली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानात उंच काचांची फ्रेम काढली. या खेपेला काउंटरवर कोपरं टेकवून, डोकं खांद्यांत घालून, डोळे वर करून आरशात स्वतःचं माप घेतलं. एक गिऱ्हाईक ते ध्यान बघून दारातूनच मागे फिरलं. चष्म्याला मागून पट्टा लावला. मास्तरांनी हँडलवरच्या गाद्या बोटभर उंच करून दिल्या. नव्या काचा आल्या त्या सकाळी ती बाहेर पडली, आणि परत आली तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती.

“काय काय दिसलं?”

“सगळं!” ताई धापा टाकत तिच्या पायांशी बसली. “वळणावर वाळू सांडलेली, ती वळणाच्या आधीच दिसली. एक कुत्रं रस्ता ओलांडू की नको करत उभं होतं, ते केवढं लांबून दिसलं. उठून बसले, वेग कमी केला, ते गेलं आरामात. पुढच्या ट्रकचा नंबरसुद्धा वाचला, खाली वाकून.”

आई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा रडवेला झाला.

“डॉक्टरांनी सांगितलं तरी मला खरं वाटत नव्हतं,” ती म्हणाली. “तू पोटात होतीस तेव्हाच हे दुखणं तुला देऊन बसले असेन, असं सारखं वाटायचं. माझं दुसरं काहीही येऊ दे गं तुझ्यात. एवढं एक नको.”

“पण तुझ्याकडूनच आलंय ना, आई.”

आई खुर्चीत पुढे सरकली. “काय आलंय?”

“हे नाक.” ताईने आईचा हात धरून आपल्या नाकावर ठेवला. “बघ कसं बसकं आहे. नुसती घसरगुंडी. जगातला एक चष्मा यावर टिकत नाही. मी टँकरवर आपटले असते ती तुझ्या नाकापायी.”

आईने लेकीचं नाक चाचपलं, मग स्वतःचं, मग खात्री करायला पुन्हा लेकीचं, आणि डोळे पुसत पोट धरून हसत सुटली. शेजारीण धावत बघायला आली, तर दोघी एकमेकींची नाकं धरून बसलेल्या, आणि काय झालं ते सांगायला एकीलाही जमत नव्हतं.