दोन बाटल्या पाणी

सुन्निवाने पाण्याची दुसरी बाटली तोंडाला लावली, तेव्हा तिचा प्रशिक्षक ऑस्मुंड याने मान खाली घातली आणि तो तिच्या स्कीला मेण फासत राहिला. क्लबच्या लाकडी खोलीमागे ती दोघंच होती. बाटली अर्ध्यावर आली तशी ती थांबली, डोळे मिटून तिने वर आलेलं पाणी परत गिळलं आणि उरलेलं पिऊन टाकलं. रिकामी बाटली बर्फात खोचून ती वजन करायला गेली.

हे पाणी कशासाठी, हे हेस्टलियाच्या स्की-उडीच्या टेकडीवर कोणाला सांगावं लागत नाही. हलकं अंग लांब उडतं, म्हणून नियम असा की उडी मारणाऱ्याचं वजन जितकं कमी, तितकी त्याची स्की आखूड. आखूड स्की हवा कमी धरते आणि उडी तोकडी पडते. मग काय, महिनोन्‌महिने अर्धपोटी राहायचं आणि तपासणीच्या सकाळी काट्यापुरतं जड व्हायचं. तपासनीस काट्यावरचा आकडा लिहून घेतो, माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. ऑस्मुंडने स्वतः चौदा वर्षं हेच केलं होतं. सतरा वर्षांच्या सुन्निवाला त्याने हे शिकवलं नव्हतं. पण हटकलंही नव्हतं. मूग गिळून बसणं त्याला चांगलं जमत असे.

एकेकाळी त्याच्या उड्या रेडिओवरून सांगत. एकदा तो जागतिक स्पर्धेत तिसरा आला होता. ते पदक घरात कुठल्यातरी खणात आहे. तेविसाव्या वर्षी त्याला भूक लागायची थांबली आणि खेळ सुटला तरी ती परत आली नाही. सकाळी सातला ओटची लापशी, अकराला ब्रेड, चारला बटाटे आणि मासा. पोटात कावळे ओरडतात म्हणून नव्हे, घड्याळात वाजले म्हणून. एक्केचाळिसाव्या वर्षी स्वयंपाकघराच्या पायरीवर घसरून त्याचा खुबा मोडला. ही हाडं ऐंशी वर्षांच्या आजीबाईची आहेत, असं डॉक्टरीणबाई एक्स-रे फोटो बघून म्हणाल्या. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बायको निघून गेली तेव्हाही तसंच झालं होतं.

त्या दिवशी निवड चाचणी होती. पहिल्या पाच मुली कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेला जाणार होत्या. पहिल्या फेरीनंतर सुन्निवा तिसरी होती. दुसरी उडी धड झाली की काम फत्ते. वॉफल विकणाऱ्या बोर्गिलने तर तिचं अभिनंदनही करून टाकलं होतं.

वर जाणाऱ्या पाळण्याच्या रांगेत ऑस्मुंडने तिच्या हातमोज्याचा पट्टा आवळून दिला. मोजा चढवताना तिची नखं दिसली होती. ती निळसर होती. काही खाल्लंस का, असं त्याने विचारलं. दर स्पर्धेला विचारायचा तसंच, उत्तराची वाट न बघता.

"मला आता भूकच लागत नाही," सुन्निवा म्हणाली. "नाताळपासून."

हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता.

"छान," ऑस्मुंड म्हणाला.

ती ताठ झाली, हसली आणि पाळण्यात बसून वर गेली. तो तिथेच उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच रांगेत त्याने हेच वाक्य आपल्या प्रशिक्षकाला सांगितलं होतं. प्रशिक्षकांनी पाठीवर थाप मारून हाच शब्द उच्चारला होता, आणि त्या एका शब्दावर त्याने अख्खा हिवाळा काढला होता.

प्रशिक्षकांचं मचाण उडीच्या कड्याच्या बाजूलाच असतं. वर दिवा हिरवा झाला की प्रशिक्षकाने वारा बघायचा आणि हातातला झेंडा खाली आणायचा. मग उडी मारणाऱ्याने आडव्या दांड्यावरून अंग सोडायचं. त्यासाठी दहा सेकंद मिळतात; मग दिवा लाल होतो आणि ती उडी बाद. सहा वर्षांत सुन्निवा झेंडा खाली आल्याशिवाय एकदाही सुटली नव्हती.

दिवा हिरवा झाला. ऑस्मुंडने झेंडा वर धरला. वारा दाखवणाऱ्या फिती सरळ खाली लोंबत होत्या. वर दांड्यावर बसलेली सुन्निवा एवढीशी दिसत होती, आणि ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"अरे, सोड की तिला," शेजारचा प्रशिक्षक म्हणाला. "वारा कुठाय?"

ऑस्मुंडला लाज वाटली. कित्येक वर्षांत त्याला काही वाटलं असेल तर ते हेच, आणि या लाजेचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. हात वर ठेवणं तेवढं त्याला येत होतं. तो त्याने तसाच ठेवला. दिवा लाल झाला.

मचाणावर बोलणं सुरू झालं. ऑस्मुंडला डुलकी लागली म्हणे. कोणी म्हणालं, थंडीने म्हाताऱ्याचा खांदा आखडला. पंचांनी विचारलं तेव्हा त्याने चूक माझी आहे, तक्रार काही नाही, एवढंच सांगितलं आणि तो क्लबच्या खोलीत जाऊन बसला.

बोर्गिल गेली सव्वीस वर्षं प्रत्येक स्पर्धेला त्याच्यापुढे वॉफल धरत आली होती आणि तो नको म्हणत आला होता. ती आता थट्टेनेच विचारायची. आज त्याने एक दे म्हटल्यावर तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"जॅम घालू की तपकिरी चीज?"

"मला काय आवडतं ते आठवत नाही," तो म्हणाला. तिने दोन्ही घातलं आणि ताटली त्याच्यापुढे ठेवली.

सुन्निवा पायऱ्या उतरून आली. खांद्यावरच्या स्की तिने भिंतीला टेकवल्या आणि त्याच्यासमोर बसली. ती रडली होती, पण आता रडत नव्हती.

"वारा नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"दिवा हिरवा होता. मी तिसरी होते, ऑस्मुंड. तू मला सोडलं नाहीस."

"मी तीन बाटल्या प्यायचो," तो म्हणाला. "तू दोनच पितेस."

तिने दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं का ते बघायला. मग हळू आवाजात म्हणाली, की ती उद्यापासून दुसऱ्या क्लबात जाईल. त्याने मान हलवली. जा, पण आधी डॉक्टरीणबाईंकडे चल, म्हणाला. मी बरोबर येतो, माझ्या हाडांचे फोटो त्यांच्याकडे आहेत, तेही बघ. आणि मघाशी मी छान म्हणालो, ते छान नव्हतं.

ती जागेवरून उठली नाही.

ऑस्मुंडने फुलाच्या आकाराच्या वॉफलच्या पाच पाकळ्यांतली एक तोडली आणि तोंडात घातली. तो बराच वेळ चावत राहिला. सुन्निवाने आधी त्याच्या जबड्याकडे बघितलं, नंतर ताटलीकडे.

"कसं लागतंय?" तिने विचारलं.

"कळत नाहीये," तो म्हणाला. "थांब." त्याने दुसरी पाकळी तोडली आणि ताटली टेबलाच्या मधोमध सरकवली.

सुन्निवाने हातमोजा काढला. एकाच हातातला.